अर्धी राहिलेली छत्री

मिलचा भोंगा बंद पडून बराच काळ लोटला होता, तरी शलाकाचे सासरे शंकरराव अजून सकाळपाळीच्या वेळेला उठत, पायात चपला अडकवत आणि फाटकाशी जाऊन थांबत. त्याच दिवसांत शलाकाने भोपाळच्या कॉलेजात वास्तुकलेच्या एम.आर्कसाठी पुन्हा अर्ज केला. शिक्षण संपल्या संपल्या केलेला पहिला अर्ज नाकारला गेला होता. मुलाखतीतले एक सर तेव्हा हसत म्हणाले होते, लग्न झालं की सोडूनच द्याल. आता लग्न झालेलं, शर्वरी दीड वर्षाची, आणि पुढच्या साली वयाची अट आडवी येणार होती.

मुलाखतीला स्वतःच्या हातची ड्रॉइंग्ज न्यायची होती. तिने माळ्यावरून ट्रेसिंग पेपरची जुनी गुंडाळी काढली. कॉलेजच्या दिवसांत सुट्टीत इंदूरला आली की ती कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे नदीकाठची होळकरांची दगडी स्मारकं, मोजून कागदावर उतरवत बसायची. मैत्रीण यामिनी टेपचं दुसरं टोक धरायची, नदीच्या वासाला नाक मुरडायची, आणि काम झालं की दोघी पोह्यांवर दुप्पट शेव मागून घ्यायच्या. घाई कसली ती नव्हतीच.

गुंडाळी उलगडली. कमानींच्या रेषारेषांवर सुईची भोकं, निळीचे डाग, रॉकेलचा वास.

मिल बंद झाल्यावर सासूबाई, कुमुदिनीबाई, साड्यांवर भरतकाम करून द्यायला लागल्या होत्या. नक्षीच्या कागदाला भोकं पाडायची, वरून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायचा, की नक्षी कापडावर उतरते. माळ्यावर टिकाऊ कागद सापडला, तो त्यांनी वापरला होता.

"रद्दी वाटली गं मला," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "पण तुझी छत्री अर्ध्या इंदूरच्या पदरावर आहे हो."

शलाकाला हसू आलं नाही. नवरा, शंतनू, म्हणाला, जाने दे ना यार, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष नाहीच, हे तिने त्याला दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई शर्वरीला कडेवर घेऊन, पिशवीत दूधभात बांधून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, चल, मी हिला बघते, तू नव्याने रेषा मार.

आठवडाभर तिघी छत्रीपाशी जात राहिल्या. हात आखडला होता. दर रेषेला शलाकाची मान वर व्हायची: पोरगी नदीच्या पायऱ्यांकडे तर नाही ना गेली? आणि मान वर झाली की रेषा हलायची. मग शर्वरीला ताप आला. चित्र अर्ध्या कळसाशी थांबलं.

भोपाळला बाकावर शेजारी बसलेल्या मुलाने अदबीने विचारलं, "आंटीजी, आप किसके साथ आई हैं?" तिने सांगितलं, स्वतःसोबतच आलेय.

आत नवे सर होते. त्यांनी कागद दोनदा फिरवून पाहिला. हे अर्धंच का, असं विचारलं. मुलगी आजारी पडली, तिने सांगितलं, आणि लगेच वाटलं, संपलं. जे त्यांना ऐकायचं होतं तेच आपण बोललो.

"मग पूर्ण कधी करणार?"

"इथे आल्यावर," शलाका म्हणाली. "घरी होणार नाही सर. घरी मान सारखी वर होते."

सरांनी कागद गुंडाळून तिच्या हातात परत दिला. "जुलैत वर्ग सुरू होतील, तेव्हा येताना घेऊन या," ते म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं.