लेआउटवरचे रोही

'रोही आपला कोण?' या प्रश्नापुढं चौथीतल्या खुशीनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'दुश्मन.' वर्षालीमॅडम पेपर हातात धरून बसल्या. पुस्तकात 'मित्र' होतं. पण रोही, म्हणजे पुस्तकातली नीलगाय, खुशीच्याच वांग्यात चरून गेलेला. चूक म्हणावं तरी कसं?

म्हणून शनिवारी अकरा पोरं घेऊन त्या थेट खुशीच्या वावरात गेल्या. तिचे बाबा, बंडूजी, शेताच्या कडेला धुऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभे.

"पोरायले रोह्याचं कवतिक शिकवून राह्यल्या म्हणे? दहा मिनिटं देतो, मॅडम. मंग पाढे शिकवा."

दहा मिनिटांत खुशीचं मन वळवायचं!

कुंपण जुन्या साड्यांचं होतं. रोही बिचकावा म्हणून बाजारातून गठ्ठ्यानं आणलेल्या. हर्षित ओरडला, "मॅडम, हे तं तुमची पंधरा ऑगस्टवाली!"

खरंच होती. सिंदी मेघेतल्या घरी भांडेवालीला दिली होती, डब्याच्या बदल्यात.

"तुमच्या साडीले भेला नाई तो," बंडूजी म्हणाले, "तुमी काय शिकवसान त्याले!"

पोरं खो खो हसली, मॅडमही. पाच मिनिटं त्यातच गेली. मग घाईनं त्यांनी कोपऱ्यातला लेंड्यांचा ढीग दाखवला. "रोही रोज एकाच जागी लेंड्या टाकतो. ओळखीची जागा असते त्याची."

"ईऽऽ!" करत सगळे वाकून बघू लागले. खुशी म्हणाली, "असा ढीग लेआउटमंधी पण हाय. सिमेंटच्या रोडवर, मधोमध."

"तिथं काऊन?" हर्षित.

"त्याले कोणी सांगतलंच नाई न, का तिथं आता प्लॉट पडले."

बंडूजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पडीत होतं तिथं. कमरेइतकं गवत. मी ढोरं चारू, रोही पलीकडं चरे. वांग्याकडं ढुंकून पाहत नोहते."

दहा मिनिटं केव्हाच संपली होती. मॅडमनी पोरांना रांगेत उभं केलं.

"कुठं चालल्या जी? नाल्यावर खुरं उमटले असतीन, ते नाई पाहाचे?"

"बाबा," खुशीनं त्यांचा हात ओढला, "त्यायच्यासाठी बांधाकडून थोडीशी वाट सोडू न."

"पाहू. आंदी चाल."

पुढं रोह्याच्या गोष्टी सांगता सांगता बंडूजींचा आवाज चढत गेला. पोरं हात वर करून त्यांनाच प्रश्न विचारू लागली. रांगेच्या शेवटी चालणाऱ्या मॅडमना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.