विहिरीत उतरायची फणी

"हे काय आनलं गा चंद्रभान? बायकोची फणी?"

भैयाजी इतक्या मोठ्यानं हसले, की कापडाच्या गोदामातले दोन हमालही बाहेर येऊन हसू लागले. मालक हसले की नोकराला हसू येतंच, त्यासाठी विनोद कळावा लागत नाही.

चंद्रभान हसला नाही. त्याच्या हातातली वस्तू खरंच फणीसारखी दिसत होती. लोखंडी सळई वाकवून केलेला लांबट नाल आणि त्यात आडव्या बसवलेल्या कांड्या. त्याच्या गल्लीतल्या बायकांनीच तिला फणी हे नाव पाडलं होतं. दोर या कांड्यांमधून नागमोडी ओवायचा आणि फणी कमरेच्या पट्ट्याला अडकवायची. कांड्या जवळ सारल्या की माणूस थांबतो, लांब केल्या की खाली सरकतो. दोराचं वरचं टोक झाडाला बांधलेलं असतं, त्यामुळे तो धरायला वर कुणी लागत नाही.

भांडण त्यावरूनच होतं.

मे महिना होता. इतवारी पेठेतले नळ आटले होते आणि भैयाजींच्या घरी लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. गोदामामागची जुनी विहीर उपसून गाळ काढल्याशिवाय पाहुण्यांच्या पाण्याची सोय होणार नव्हती. चंद्रभान मिसरूड फुटल्यापासून नागपुरातल्या विहिरींचा गाळ काढत आला होता, त्याच्याआधी त्याचा बाप काढायचा. रीत ठरलेली होती. छातीला दोर बांधायचा आणि तो चाकावरून मालकाच्या माणसांच्या हातात द्यायचा. त्यांनी सोडलं की खाली जायचं, त्यांनी ओढलं की वर यायचं. गाळ उरला असेल तर मालक वाकून म्हणायचे, अजून थोडा काढ. मग दोर हलायचा नाही. चंद्रभाननं एकदा उपाशीपोटी सांजेपर्यंत असं काढलं होतं. विहिरीत उतरलेल्या माणसाचं अपील वरपर्यंत पोचत नाही.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजची पोरं रामटेककडच्या एका कड्यावर चढायला गेली, तेव्हा ओझी उचलायला आणि स्वयंपाकाला त्याला घेऊन गेली होती. त्यांच्याजवळ असली एक विलायती फणी होती. शेवटच्या दिवशी चंद्रभाननं मागून घेऊन ती कमरेला लावली आणि कड्यावरून उतरला. अर्ध्यावर तो थांबला. अडचण काही नव्हती, थांबावंसं वाटलं म्हणून थांबला. दोराला लटकून दूरवरचं तळं बघत राहिला. जन्मात पहिल्यांदा तो आपल्या मर्जीनं अधांतरी थांबला होता, आणि खाली आल्यावर त्याला रडूच आलं. पोरांना वाटलं, घाबरला बिचारा.

"भैयाजी, मी या फणीनंच उतरतो," तो आता म्हणाला. "तुमच्या लिंबाले दोर बांधतो. तुमची मानसं फक्त गाळाच्या बादल्या ओढतीन. मले कोनी ओढाचं काम नाई."

भैयाजींचं हसू थांबलं. "मंग तू वर केव्हा येशीन?"

"दमलो की येईन. दोराले दोन फास लावून चढता येते मले."

"म्हंजे तुह्या मर्जीनं?"

"हो जी. माह्या मर्जीनं."

"हे पाय चंद्रभान, विहीर माही हाय. दोर माही मानसं धरतीन. तुहा बाप असाच उतरला, भाऊ बी असाच उतरला."

"भाऊ उतरला जी. वर नाई आला."

हमाल इकडेतिकडे बघू लागले. चंद्रभानचा थोरला भाऊ देवाजी कसा गेला, हे इतवारीत सगळ्यांना ठाऊक होतं.

भैयाजींना राग आला. "छप्पन सालच्या दीक्षेपासून तुमच्या लोकायची मान लयच ताठ झाली."

"झाली ना भैयाजी. तिलेच आता तुमचा दोर पुरून नाई राहिला, म्हनून स्वतःचा आनला."

असं उत्तर भैयाजींना त्यांच्या अंगणात आजवर कुणी दिलं नव्हतं. त्यांनी मोर्चा दुसरीकडे वळवला. लिंबाखाली एक उंच, वाळका माणूस मघापासून मान खाली घालून उभा होता. तो ओमप्रकाश, मूळचा रायपूरकडचा.

"आन् ही फणी केली कोनं? यानंच ना? ज्यानं तुह्या भावाले खाली सोडलं, त्याच्या हातचं लोखंड कमरेले बांधतं? लाज नाई वाटत?"

ओमप्रकाश तेव्हा देवाजीच्याच टोळीत होता. त्या दिवशी मालकानं चाकावर त्याला एकट्यालाच ठेवलं होतं. देवाजी अर्ध्यावर आला आणि खालून ओरडला, "ओढ!" विहिरीत आवाज घुमतो. ओमप्रकाशच्या हिंदी कानाला ऐकू आलं, "छोड!" त्याला वाटलं, देवाजीनं कपारीवर पाय टेकवले असतील. त्यानं सोडलं. तेव्हापासून त्यानं दोराला हात लावला नव्हता. तो कन्हानला एका वर्कशॉपमध्ये लोखंड कापायचा आणि इतवारीकडे फिरकायचाही नाही. फणी करून घ्यायला चंद्रभान त्याच्या दारी गेला, तेव्हा त्यानं आधी दार लावून घेतलं होतं; मग फणी करून दिली आणि ती नीट चालते का बघायला आज सोबत आला.

"यानं नाई मारलं," चंद्रभान म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चढला. "यानं आयकलं तसं केलं. माह्या भावाच्या तोंडात ओढ होतं, याच्या कानात छोड पडलं. दोघंबी खरे होते. खोटी तुमची रीत हाय भैयाजी! मरन माहं आन् दोर दुसऱ्याच्या हातात. उतराचं असन तं असंच उतरीन, नाई तं लग्नाले कन्हान नदीवरून पानी आना."

त्यानं दोराची वेटोळी खांद्यावर टाकली आणि तो फाटकाकडे चालू लागला. ओमप्रकाश मागोमाग निघाला.

फाटकापाशी भैयाजींची हाक आली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण भैयाजींना गरजेनंच ती आली. "थांब गा! उतर तुह्या फणीनं. पन कमरेले अजून एक दोर राहीन. उद्या तू पडला तं पोलीस माह्या दारी येतीन. तो दोर माहा मानूस धरन."

चंद्रभाननं विचार केला. बोलणं रास्त होतं. लोखंडाचा भरवसा कोण देणार?

"दुसरा दोर चालन," तो म्हणाला. "पन धरन कोन, ते मी सांगीन. ओमप्रकाश धरन."

"नहीं चंदू," ओमप्रकाश मागे सरला. "मेरे से नहीं होगा. किसी को भी दे दे."

"तुलेच देतो. काही आयकाचं नाई, काही समजाचं नाई. मी सरकीन तसा दोर सरकू दे, पन धरून राय."

त्यानं फणीचा दोर लिंबाला बांधला, दुसरा आपल्या कमरेला बांधून ओमप्रकाशच्या कमरेभोवती फिरवला आणि टोक त्याच्या हातात कोंबलं. मग पेटता कंदील खाली सोडून हवा बघितली. ज्योत विझली नाही, तसा तो काठावरून मागं झुकला आणि कांड्या लांब करत खाली गेला. कठड्याशी उभे भैयाजी तोंड उघडं टाकून बघत राहिले. अर्ध्यावर चंद्रभान मुद्दाम थांबला आणि त्यानं निवांत नाक शिंकरलं.

गाळाच्या बादल्या वर येऊ लागल्या. ऊन डोक्यावर आलं. भैयाजींनी वाकून सांगितलं, "अजून थोडा काढ गा!"

"जेवून काढतो," खालून उत्तर आलं.

आणि तो आला. पायातला फास वर सरकवत, कमरेचा फास वर सरकवत, चिखलानं माखलेला चंद्रभान आपला आपण कठड्यावर चढला. हमालांपैकी एक जण नकळत "वा रे!" म्हणाला आणि मालकाकडे बघून गप्प झाला.

चंद्रभान लिंबाच्या सावलीकडे निघाला, पण दोर ताणला गेला. ओमप्रकाश उन्हातच उभा होता, पाय रोवून, दोन्ही मुठी आवळून. डोळे विहिरीच्या तोंडावर होते आणि ओठ हलत होते.

"मी आलो ना गा," चंद्रभान म्हणाला. "सोड आता."

ओमप्रकाशच्या मुठी उघडल्या नाहीत.

चंद्रभाननं पुन्हा सांगितलं नाही. कमरेची गाठही सोडली नाही. सावलीतली भाकरी त्यानं हमालाकडून मागवून घेतली आणि तो ओमप्रकाशच्या पायाशी उन्हातच जेवायला बसला.