चुडामण नानांची अक्कलदाढ

चुडामण नानांनी निवाडा दिला की पारोळ्याच्या पंचक्रोशीत कुणी ब्र काढत नसे. शेळी कुणाची, बांध कुठवर, सासू खोटी की सून खोटी, सगळं नानांच्या ओट्यावर यायचं आणि नाना मिशीवरून हात फिरवून एका वाक्यात निकाली काढायचे. अशा बोलत्या माणसाची ऐन चाळिशीत दातखीळ बसावी, आता याला काय म्हणावं! उजवा गाल भरताच्या वांग्याएवढा फुगला. लवंग झाली, हिंग झाला, मिसरी झाली. ठणका काही थांबेना. शेवटी शेजारच्या पुनानं त्यांना सर्व्हिस मोटारीत घातलं आणि धुळ्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर पुण्याकडचे. त्यांनी तोंडात बॅटरी मारली आणि सांगितलं की अक्कलदाढ येते आहे, पण आडवी. हिरडीत अडकली आहे. सूज उतरली की या, काढून टाकू.

आता हे पुनानं पोटात ठेवायचं की नाही? पण पुनाच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. मोटारीतून एक पाय खाली टाकला नाही तोच त्यानं वडाखालच्या मंडळींना खबर दिली, "नानाले अक्कल आते यी ऱ्हायनी. आन तीबी आडवी."

माणसं पोट धरधरून हसली. भागाबाई मात्र हसता हसता थांबली. तिची कोंबडी रुपचंदच्या टोपलीत जाऊन अंडी घालायची, आणि नानांनी निवाडा दिला होता की टोपली ज्याची, अंडी त्याची. अक्कल जर आत्ता येतेय, भागाबाई म्हणाली, तर तो निवाडा नानांनी कशानं दिला?

झालं. दुसऱ्या दिवशी नानांच्या ओट्यावर हरलेल्यांची जत्रा. सगळ्यांचं एकच म्हणणं, जुने निवाडे बिनअकलेचे, ते रद्द. दाढ पुरती वर येऊ द्या आणि नव्यानं बसा. त्यांच्या मागोमाग जिंकलेले आले. त्यांचं म्हणणं, दाढ आजच्या आज उपटा. रुपचंद तर पक्कड घेऊनच आला आणि खाटेच्या उशाशी बसला. पायथ्याशी भागाबाई, दाढ लवकर वर यावी म्हणून कोमट तुरटीपाणी घेऊन. एका शहाण्यानं तोड काढली की अर्धी दाढ वर आली असेल तर नानांनी निदान अर्धा निवाडा द्यावा. नाना नुसते कण्हत होते, आणि प्रत्येक कण्हण्याचा अर्थ दोन्ही बाजू आपल्या सोयीचा लावत होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

खरी पंचाईत वेगळीच होती. पडल्या पडल्या नानांना स्वतःलाच ते पटायला लागलं. दाढ ठेवावी तर जीव जातो; काढावी तर मिळणारी अक्कल जाते, आणि बिनअकलेच्या पंचाच्या ओट्यावर कुत्रंही येणार नाही. आणि मागं वळून बघावं तर पहिलाच निवाडा डोळ्यांपुढं येई. तो आठवला की दाढेपेक्षा जास्त ठणके.

निंबा, त्यांचा धाकटा भाऊ, वेगळा निघाला तेव्हाची गोष्ट. घरात जातं एकच. ते नानांच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, माहेराहून आंदण आणलेलं. फैजपूरहून तिच्या बापानं गाडीत कडबा अंथरून पाठवलं होतं. लेकीचं आंदण वाटणीत येत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. पण निंबाची बायको सुंदरबाई त्यावर अडून बसली, आणि चारचौघांत नानांनी जातं सुंदरबाईला देऊन टाकलं. गाव धन्य धन्य झालं. बायकोलाही सोडत नाही, याला म्हणतात न्याय! त्या दिवसापासून नाना पंच. आणि मंजुळाबाई त्या दिवसापासून पायली डोक्यावर घेऊन लोकांच्या दारी दळायला जायची.

आता सारा गाव जुनी भांडणं घेऊन आला, एक तीच आली नाही. निमूटपणे पातळ पेज करायची, नळीनं तोंडात सोडायची आणि दळणाला निघून जायची. नानांना वाटे, हिनं एकदा तरी भांडावं.

सूज उतरली. जबडा बोटभर उघडू लागला. रुपचंद आणि भागाबाई ओट्यावर झिंज्या धरत असताना मंजुळाबाईनं नवऱ्याला मागच्या दारानं काढलं आणि धुळ्याच्या मोटारीत बसवलं.

डॉक्टरांनी सुई टोचली, चिमटा उचलला. नानांनी त्यांचा हात धरला. असेल तेवढी अक्कल अजून तोंडात होती. बोलायचं ते आत्ताच. ते बायकोकडे वळले आणि बोटभर फटीतून म्हणाले, "जातं तुनं व्हतं."

मंजुळाबाईनं त्यांचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"ते माले तवयपासून माहीत शे," ती म्हणाली. "काढा, डाक्टरसाहेब."

गावात उतरले ते नाना घरी गेलेच नाहीत. तोंडात कापसाचा बोळा, गालाला फडकं, तसेच सुंदरबाईच्या घरात शिरले आणि जात्याची वरची तळी छातीशी धरून बाहेर आले. मग परत जाऊन खालची. सुंदरबाई विचारतेय काय चाललंय, निंबा विचारतोय. तोंडात बोळा, उत्तर कोण देणार! भर रस्त्यानं आपल्या बायकोचं जातं वाहून नेणारा पंच गावानं पहिल्यांदा पाहिला.

भागाबाईनं तुरटीपाणी ओतून दिलं. रुपचंदनं पक्कड कमरेला खोचली. दोघांचं इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं.

"दाढ काढी ना," रुपचंद हळहळला, "गयी बिचाऱ्यानी अक्कल."

आत मंजुळाबाईनं पदर खोचला, खुंटा ठोकला आणि ज्वारीची पहिली मूठ जात्यात घातली.