कार्डात नसलेलं वाक्य

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना माणूस ओळखायला सीटबेल्ट लावण्यापुरता वेळ पुरतो, असं निदान त्यांचं तरी मत होतं. आरसा फिरवून आधी स्वतःचा भांग बघणारा गर्विष्ठ, स्टिअरिंगला लोंबकळणारा भित्रा आणि क्लच सोडताना डोळे मिटणारा घरी बायकोच्या परवानगीने खोकणारा. त्यांच्या बाजूलाही पायाखाली एक ब्रेक होता. शिकणारा चुकला की तो कचकन दाबायचा आणि वर ऐकवायचं, "वा! आज दोघांच्याही विम्याचं सोनं करणार होतास!" सारा जन्म दुसऱ्याच्या चुका पकडून पोट भरलं की एक खोड अंगात मुरते. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच ते दुरुस्त करून त्याच्या हातात ठेवायची.

मुलीच्या कॉलेजात मानसिक प्रथमोपचाराचं शिबिर निघालं. मुलं एका वर्गात, त्यांना आधार देणारी मोठी माणसं दुसऱ्या वर्गात आणि शेवटी शनिवारी जोडीने परीक्षा. मुलीने परस्पर बाबांचं नाव दिलं. लहानपणी कुठेही अंगाचं मुटकुळं करून झोपायची म्हणून घरात तिचं नाव बोकी पडलं होतं, ते सतराव्या वर्षीही सुटलं नव्हतं.

"आईचं नाही, माझं नाव दिलं," मास्तर आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटले. का दिलं, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

शिबिराच्या मॅडम सांगत, "जवळ बसा. ऐका. आडून विचारू नका, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका, डॉक्टरांपर्यंत पोचवा."

"म्हणजे आरसा, इंडिकेटर, मग वळण," मास्तर म्हणाले. वर्ग हसला.

"हो सर. फक्त हॉर्न कमी," मॅडम म्हणाल्या. वर्ग जास्त हसला.

'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' हा प्रश्न उच्चारताना बाकीचे पालक घसा खाकरत, रुमाल शोधत. मास्तरांनी मात्र तो 'पुढे शाळा आहे, गाडी हळू चालवा' अशा खणखणीत आवाजात विचारला. मॅडमनी "स्पष्ट बोलता" एवढंच म्हटलं. मास्तरांनी ते कौतुकाच्या खात्यात जमा केलं.

घरी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सराव चाले. आई हॉस्पिटलच्या टेलिफोनवर दुपारपाळीला, त्यामुळे प्रेक्षक कुणी नाही. मदत करणारे मास्तर आणि त्रासात असलेली मुलगी बोकी. तिच्या कार्डावर लिहिलेलं असे, 'परीक्षेत नापास. झोप नाही. मैत्रिणींना टाळते.'

गुरुवारी बोकीने कार्ड हातात घेतलं, पण त्यात बघितलं नाही.

"झोप कशी आहे?" मास्तरांनी सुरुवात केली.

"आता येते. ठरल्यापासून येते."

"चुकलं. कार्डात झोप नाही असं आहे."

"बरं." ती जराशी हसली. "रॅकेट देऊन टाकली मी."

"हे कुठलं आणलंस मध्येच?"

"ज्याला खेळायचंय त्याच्याकडे असावी ना. माझ्याकडे पडून काय करणार?"

"बोके, पदरचं घालू नकोस. मॅडम मार्क कापतील. आणि हसतेस काय? त्रासात असलेलं माणूस हसतं का? चल, पुन्हा पहिल्यापासून."

बोकीने कार्डावर बोट ठेवलं. "झोप येत नाही," तिने वाचलं. "मैत्रिणींना भेटावंसं वाटत नाही."

"हां! आता कसं!" मास्तर म्हणाले आणि त्या खुशीत चहा टाकायला उठले.

शुक्रवारी दुपारी गाडीवर बोकीची मैत्रीण होती. अठरा पूर्ण होताच शिकायला आलेली, वळताना जीभ बाहेर काढणारी. तिने पिशवी मागच्या सीटवर टाकली. मास्तरांनी मागचं बघायला आरशात नजर टाकली, तर पिशवीतून रॅकेटची मूठ डोकावत होती. पिवळी. गाडीच्या वायरींची ती चिकटपट्टी त्यांनीच मुठीला गुंडाळली होती. शेवटच्या वेढ्याला कात्री सापडली नाही म्हणून दातांनी तोडलेली.

भर रस्त्यात, काही कारण नसताना, मास्तरांनी ब्रेक दाबला. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला.

"काका, माझं काय चुकलं?"

"तुझं नाही." त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. "रॅकेट कधी दिली तिने?"

"सोमवारी. म्हणाली, मला आता नको. मी नको म्हणत होते, काका, खरंच."

मैत्रिणीला कडेला उतरवून गाडी त्यांनी स्वतः घरी आणली. एका वळणावर इंडिकेटरही दिला नाही.

बोकी टेबलाशी बसली होती. समोर कार्ड. "आज लवकर? बरं, घे सुरुवात."

त्यांनी कार्ड उचलून खिशात कोंबलं. खुर्ची तिच्या बाजूला ओढली.

"तुझ्या मनात," ते म्हणाले आणि थांबले. "जीव द्यायचे... विचार येतात का?"

"आवाज कापतोय तुझा. मार्क जातील, बाबा."

"जाऊ देत."

बोकी टेबलाच्या कडेचा पोपडा नखाने उचकटत राहिली. मास्तरांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला होता. खाली नुसती फरशीच होती.

"हो," ती म्हणाली.

दुरुस्त करायला काहीच नव्हतं. ती बरंच बोलली, अडखळत, मागचंपुढचं एक करत, आणि त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग तिचा हात न सोडताच त्यांनी हॉस्पिटलचा नंबर फिरवला. पलीकडे बोकीच्या आईचा कामावरचा आवाज आला, "नमस्कार, कुठे जोडू?"

"मी आहे. बोकीसाठी डॉक्टर हवेत, मनाचे. आत्ता."

तिने एकही प्रश्न न विचारता लाइन जोडली.

डॉक्टरांनी बोलावल्याप्रमाणे शनिवारी, परीक्षेच्याच वेळी, तिघं हॉस्पिटलच्या बोळात बाकावर बसले होते. आई पाळी टाकून आलेली, नजर समोरच्या भिंतीवर. तिघांचीही झोप झालेली नव्हती.

"काल विचारलंस म्हणून सांगितलं," बोकी खाली बघत म्हणाली. "आधी विचारलं असतंस तर आधी सांगितलं असतं."

"आधीच सांगितलं होतंस की," मास्तर म्हणाले.

आतून तिचं नाव पुकारलं, खरं, शाळेतलं नाव. आई तिच्याबरोबर आत गेली. मास्तर दाराकडे बघत बसून राहिले. खिशात कार्डाचा कोपरा टोचत होता, पण त्यांनी ते काढलं नाही.