मागचे दोन

दीपमालाने टेबलाखाली गुडघे टेकले, काळी पिन काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि पुन्हा त्याच भोकात बसवली. संगणकाच्या पडद्यावर पाच स्पीकरचं चित्र होतं. तिने एकेकावर टिचकी मारली. खाटेच्या पायथ्याचे दोन खरखरले, मधला खरखरला, मग उशाकडच्या भिंतीवरचे दोन. म्हणजे तारा शाबूत होत्या. तिने गाणं लावलं. पायथ्याचे दोनच वाजले.

"मांगचे मुकेच हायेत," खाटेवरून तिचे सासरे डोमाजी म्हणाले.

"हो बाबा. आयकू आलं मले."

दोष कशातच नव्हता, हे तिला महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. जुनी गाणी दोनच वाटांनी भरलेली. डाव्या स्पीकरची एक, उजव्याची एक. सिनेमा लावला की मागचे बोलत, कारण सिनेमात त्यांच्या वाटणीचा आवाज असतो. गाण्यात नसतो. नव्या संगणकांत तोच आवाज मागेही पाठवायची सोय असते. तिच्या नवऱ्याने, संघपालने, ऑफिसातून आणलेल्या या जुन्या संगणकात ती नव्हती. मग एकच उपाय उरत होता: एका बाजूला एक पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन भोकं असलेली बोटभर लांबीची वायर. एकाचे दोन करणारी.

बार्शीटाकळीतल्या दोन्ही मोबाईलच्या दुकानांत ती मिळाली नाही. संघपाल तेल्हाऱ्याला नोकरीला, रविवारी येणारा. त्याने अकोल्यातून एकदा आणली ती दोन वायरी जोडायची निघाली, आणि पुढच्या वेळी तो विसरला. स्वतः अकोल्याला जाऊन येणं म्हणजे तीन तास. डोमाजींना तीन तास सोडून ती दोन वर्षांत कुठे गेली नव्हती.

अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली त्याला दोन वर्षं झाली होती. त्याआधी चाळीस वर्षं त्यांची साऊंड सर्व्हिस होती. जयंतीची मिरवणूक, लग्नं, सभा. पंचक्रोशीत कर्णे त्यांचेच. मंडप भरला तरी शेवटच्या रांगेतून 'आयकू येते' म्हणून हात वर झाल्याशिवाय ते पाहुण्यांच्या हाती माईक देत नसत. एकदा एका मंत्र्याला त्यांनी दहा मिनिटं तसंच बसवून ठेवलं होतं. आता शेवटची रांग उशाशी येऊन थांबली होती.

"दीपमाला."

"इथंच हावो बाबा."

"पाणी."

पाणी झालं की उशी, उशी झाली की खिडकी, खिडकी झाली की मागचे दोन. ती स्वयंपाकघरात फोडणी टाकत असो की नहाणीत असो, हाक यायची. एकदा तिने सहज मोजल्या होत्या. तासाला अकरा.

महिन्याभरापूर्वी अमरावतीच्या एका कॉलेजातून पत्र आलं होतं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा. येत्या सोमवारपर्यंत रुजू व्हायचं. एम.एस्सी. झाल्यावर सहा वर्षांनी. संघपाल फोनवर म्हणाला होता, "आत्याबाई राहतो म्हणत असन तर जाय. माही ना नाही."

आत्याबाई म्हणजे डोमाजींची धाकटी बहीण सुंदराबाई, पलीकडच्या गल्लीतली. ती पत्र आलं तेव्हाच येऊन आपली अट सांगून गेली होती.

"सोमवार ते शुक्रवार मी राहीन, पन दादानं असा धोशा नाही लावला पायजे. माह्ये गुडघे गेले, बाई. त्याची गानी लागली अन् तो गप पडून राह्यला, तर मी दहा वर्सं बसतो."

"मी काय लहान लेकरू हावो काय?" डोमाजी आतून म्हणाले होते.

"लेकरू परवडलं. त्याले पाळण्यात तरी टाकता येते."

म्हणून हा महिनाभराचा खटाटोप. एकदा मागचे दोन वाजले की ते गप पडून ऐकतील, असं तिने गृहीत धरलं होतं. सुरुवातीलाच तिने त्यांना विचारलंही होतं, "बाबा, तुमच्या पेटीत एकाचे दोन करायची वायर असन काय?"

पत्र्याची ती पेटी त्यांच्या उजव्या हाताशी स्टुलावर असे. तिला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

"नाही," ते म्हणाले होते. "सारं इकून टाकलं."

दुपारी तिने स्वयंपाकघराचं दार, पुरतं बसत नसे तरी, ओढून घेतलं आणि अमरावतीला फोन लावला. पलीकडचा लिपिक सौजन्याने बोलत होता. मुदत वाढणार नव्हती. यादीत पुढचं नाव तयार होतं.

"मग माझं नाव काढा," ती म्हणाली. "नाही, घरची अडचण आहे. पेशंट आहेत. मलाच थांबावं लागतं."

"लेखी लागेल, मॅडम. आजच मेल करा."

फोन ठेवून ती ओट्याला टेकली. मग मेल लिहायला घेतली. 'महोदय, कौटुंबिक कारणास्तव मी' इथपर्यंत आली आणि थांबली. कुकरची शिटी झाली. दुसरी झाली. आतून हाक आली नव्हती. तिने गॅस बंद केला. बराच वेळ हाक आली नाही, म्हणून तीच घाबरून आत गेली.

डोमाजी छताकडे पाहत होते.

"काय झालं बाबा?"

"काही नाही." त्यांनी उजव्या हाताने पेटीकडे बोट केलं. "उघड थे."

तिने झाकण उचललं. कात्री, टेप, फ्यूज. सगळ्यांवर धुळीचा तपकिरी थर. एका कोपऱ्यात धुतलेल्या रुमालाची पुरचुंडी होती. तिने ती सोडली. बोटभर काळी वायर. एका बाजूला एक पिन, दुसऱ्या बाजूला दोन भोकं.

ती वायरीकडे पाहत राहिली. डोमाजींनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

"लाव," ते म्हणाले. "पाहून काय राहिली?"

ती टेबलाखाली शिरली. पायथ्याच्या स्पीकरची हिरवी पिन काढून तिथे ही वायर घातली, तिच्या दोन भोकांत ती हिरवी आणि मागच्यांची काळी बसवली. टिच्च असा बारीक आवाज झाला. गाणं लावलं. ढोलकी पायथ्याशी वाजली आणि उशाशीही. खोली एकदम भरली.

"मधला बंदच राह्यला," ती म्हणाली.

"राहू दे. मधात मी हावो."

त्यांनी आवाजाचा रिमोट छातीवर घेतला. "आता मांगं जाय. कोठवर आयकू येते, पाय."

ती दारापर्यंत गेली, वळली, हात वर केला. ते खाटेवरून दाराच्या रेषेत पाहत होते. उजवा तळवा त्यांनी हवेत पुढे ढकलला. अजून मांगं. ती ओसरीवर गेली. हात वर. तळवा पुन्हा ढकलला गेला. अंगण ओलांडून ती फाटकाशी आली. ढोलकी पातळ झाली होती. मग आतून त्यांनी आवाज वाढवला आणि ती पुन्हा स्पष्ट झाली.

तिथूनही दार, ओसरी, खाटेचा पाय आणि एक हात दिसत होता. तिने आपला हात वर केला. त्यात मोबाईल होता. अर्धी मेल तशीच उघडी.

आतला तळवा हलला. अजून.

तिने मोबाईल खाली घेतला. अंगठ्याने एकेक अक्षर पुसलं. 'मी', मग 'कारणास्तव', मग 'कौटुंबिक'. 'महोदय' राहू दिलं. मग फाटकाची कडी काढली आणि तोंड घराकडेच ठेवून, मागे न बघता, रस्त्यावर एक पाऊल मागे टाकलं.