कुणाच्याच रक्तातलं नाही

रुद्राणी उदगीरला बारावीला जीवशास्त्र शिकवायची. फेब्रुवारीत तिची आठ वर्षांची लेक नीलांबिका चालताना झोकांड्या खाऊ लागली, मग एक डोळा तिरपा झाला. मुंबईला मेंदूतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला. एप्रिलात रिपोर्ट मोबाइलवर आला, त्या दिवशी उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून गाव बंद होतं. नवरा मन्मथ दुकान न उघडता घरीच होता.

"काय म्हणतेत?"

हिस्टोनच्या जनुकात बिघाड, असं लिहिलं होतं. दोन मीटर डीएनए इवल्याशा पेशीत मावतो तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळून. कोणता जनुक मिटलेला ठेवायचा, तेही त्यांच्यावरच ठरतं. अकरा वर्षं ती हे फळ्यावर शिकवत आली होती. लेकीच्या गाठीतल्या त्या जनुकात एक अक्षर बदललं होतं, मिटून राहायचे ते जनुक उघडले होते, आणि पेशी वाढतच चालल्या होत्या.

"ऑपरेशन होत न्हाई," ती म्हणाली. "नांदेडला रेडिएशनचा शेक देतील. वर्ष निघालं तर लई झालं."

मन्मथ न्हाणीत गेला आणि आतून कडी लावली.

सासू, सिद्धम्मा, दारात उभी होती. नात आजारी पडल्यापासून ती तिच्याजवळ फिरकली नव्हती. रुद्राणीच्या मनात तो राग साचला होता.

"माझ्या माहेरचं न्हाई हे, आत्या," ती आधीच म्हणाली.

"तुझं कुठं? माझं हाय." सिद्धम्मा खाली बसली. "बहात्तरच्या दुष्काळात माझी लेक शिवगंगा अशीच गेली. अशीच तिरपं बघायची. मन्मथच्याही आधीची ती. माझ्या रक्तातनं आलंय. म्हणून हात लावत न्हाई मी लेकराला."

रुद्राणी तिच्याशेजारी बसली. मग ती हळू आवाजात सांगू लागली. "हे वारशानं येत न्हाई, आत्या. वाढत्या मेंदूत पेशीची नक्कल होताना चूक होते. तिथंच, त्या लेकरातच. तुमचं न्हाई, माझं न्हाई."

"कुणाचंच न्हाई?"

"न्हाई."

"मग चव्वेचाळीस वर्षं मी कशाला जळले गं?"



शेकानंतर पोर महिनाभर शाळेतसुद्धा गेली. दसऱ्यानंतर पुन्हा खाटेला लागली. सिद्धम्मा तिचं डोकं मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं पेज भरवायची. गिळणं थांबलं तेव्हा ओल्या फडक्यानं ओठ भिजवत राहिली, सतरा दिवस. अठराव्या दिवशी सकाळी फडकं बाजूला ठेवून तिनं मन्मथला हाक मारली.