अंगठ्याचा जोर

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी नव्या फिजिओथेरपिस्ट प्रणालीने नत्थुजींच्या तक्त्यावर उजव्या पायाच्या अंगठ्यासमोर तीन लिहिले. सकाळी देवमनने तिथे चार लिहिले होते. पाच म्हणजे पूर्ण जोर. तीन म्हणजे अंगठा वर होतो, पण बोट टेकवताच पडतो. जोर उतरला असेल तर कमरेतली नस जास्त दबली आहे, ऑपरेशन आजच.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात मदतनीस देवमन एकवीस वर्षे रुग्णांचे हातपाय दाबून पाहत होता. प्रणालीला येऊन चार महिने झाले होते. कुठे दाबायचे, तेही तिला त्यानेच दाखवले होते. डॉक्टरांनी तिचा आकडा पाहिला आणि थिएटर तयार ठेवायला सांगितले. पूर्वी ते विचारायचे, "देवमन, तुझा हात काय म्हणतो?" आज विचारले नाही.

देवमन खाटेजवळ गेला.

"बुवा, म्याडमपुढं जोर काहून नाही लावला?"

नत्थुजी दर्यापूरकडचे झेंडूवाले. हळूच म्हणाले, "लेकीच्या वयाची पोरगी. तिच्या हातावर पाय कसा रेटू भाऊ? पाप लागन."

त्यांची बायको कौशल्या पदराआड हसली. "झोपीत मले लाता झाडतात, तवा कुठं जाते यायचं पाप!"

देवमन तडक डॉक्टरांकडे गेला. प्रणाली तिथेच होती, ते त्याला बरेच वाटले.

"सर, म्याडम अमरावतीच्या हायेत, तरी यायले मालूम नाही. आपल्याकडचा म्हातारा लेकीले पाय लावत नसते. पुस्तकात नसन लिहिलं."

प्रणालीचा चेहरा उतरला. "मग तुम्हीच बघा काका. आमच्यासमोर."

चार वाजता सगळे खाटेभोवती उभे राहिले. देवमनने नत्थुजींच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला.

"मी काही पोरगी नाही बुवा. लावा जोर. दाबू देऊ नका."

नत्थुजींनी दात आवळले. मानेच्या शिरा फुगल्या. देवमनने सवयीने दाबले, मग निम्म्याने, मग नुसते टेकवले. तरी अंगठा खाली गेला. त्याच्या पंजाआड तो कोणाला दिसला नाही.

"किती?" डॉक्टरांनी विचारले. प्रणाली पेन उघडून उभी होती.

"पुन्हा पाहतो, सर."

त्याने पुन्हा पाहिले. मग आणखी एकदा.

"भाऊ, लावला न मी जोर?" नत्थुजींनी विचारले.

थिएटरमधून दुसऱ्यांदा फोन आला. चार वाजून बारा मिनिटे झाली होती. चार वाजताच्या तपासणीचा रकाना अजून कोरा होता आणि देवमनने हात उचलला नव्हता.